गळ्याची ओळ

स्केलबरीच्या तुरुंगात फाशीची वाट बघत बसलेल्या पुरुषांना एमट कॅटरल लॅटिनची एक ओळ शिकवत असे. एकच ओळ, त्याहून जास्त नाही. जास्त कोणी मागतही नसे.

उत्तर इंग्लंडमधल्या त्या गावात वर्षातून दोनदा लंडनहून न्यायाधीश येत. चोरी केलेल्या किंवा भांडणात माणूस मारलेल्या पुरुषाला शिक्षा सुनावण्याआधी त्याच्यापुढे लॅटिन स्तोत्रांचं पुस्तक उघडून धरत. ज्याला वाचता येतं तो पाद्री, आणि पाद्र्याला फासावर चढवायचं नाही, असा फार जुना कायदा होता. आता त्यात पाद्र्यांचा संबंध उरला नव्हता. खाटीक वाचे, गवंडी वाचे, घोडेचोर वाचे, आणि सुटे. पुस्तक ठरलेल्या पानावरच उघडायचे, देवाकडे दयेची भीक मागणाऱ्या एका ओळीवर. तिला सगळे गळ्याची ओळ म्हणत. ती नीट म्हटली की डाव्या अंगठ्यावर तापलेल्या लोखंडाने एका अक्षराचा डाग द्यायचा आणि माणूस मोकळा.

बायकांना ही सवलत नव्हती. बाई पाद्री होऊ शकत नाही, तेव्हा तिने वाचलं काय नि न वाचलं काय. मागच्याच वसंतात एका जोडप्याने मिळून कापडाचा तागा चोरला होता. नवऱ्याने एमटकडून पाठ केलेली ओळ घडाघडा म्हटली आणि अंगठ्यावर फुंकर घालत तो बाहेर पडला. बायको त्याच दुपारी टेकडीवर लटकली. ती लवकर सुटावी म्हणून नवऱ्यानेच तिचे पाय धरून खाली ओढले.

एमट पस्तिशीची, हाडापेराने मजबूत विधवा. तिचा खरा धंदा तुरुंगाच्या फाटकाशी ओटच्या भाकऱ्या आणि घरी गाळलेली बिअर विकण्याचा. ओळीचा धंदा त्याच्या जोडीने आला. तिची आत्या सिस्ली तरुणपणी मठात जोगीण होती. आताच्या राणीच्या बापाने मठ मोडले तेव्हा शिपायांनी घंटा वितळवल्या, जोगिणींना बाहेर काढलं, आणि सिस्ली झग्याखाली एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक लपवून भावाच्या घरी आली. भावाच्या मोठ्या मुलीला, एमटला, तिने त्याच पुस्तकातून वाचायला शिकवलं. हातात गवताची एक काडी घ्यायची आणि तिचं टोक शब्दाखाली फिरवायचं. चूक झाली की काडी तिथेच थांबे, आणि बरोबर येईपर्यंत पुढे सरकत नसे. रागावणं नाही, ओरडणं नाही. शेजारच्या शाळेतून मुलांच्या किंकाळ्या ऐकू आल्या की छोटी एमट विचारी, "तिकडे काय चाललंय?"

"तिकडेही लॅटिनच चाललंय," आत्या म्हणे. "मुलांना ते छडीने, चड्डीतून आत घालतात."

पुढे एमटने त्या पुस्तकातलं गळ्याच्या ओळीचं पान कापून तुरुंगात नेलं. त्या दिवशी आत्या जेवली नाही. कैद्यांच्या घामट बोटांनी पान काळंकुट्ट झालं. त्यांतल्या एकालाही अक्षर कळत नव्हतं. एमट ओळ म्हणे, ते मागोमाग म्हणत. एक-दोन भाकऱ्या संपेपर्यंत पाठ होई.

एमटची धाकटी बहीण एव्हिस रँडल स्पीकला दिली होती. रँडल लोकर विंचरायचा. त्या कामाला लांब दात्यांचा जड लोखंडी पंजा लागतो आणि तो शेगडीवर तापवून घ्यावा लागतो. एका सकाळी शेगडी विझलेली दिसली म्हणून रँडलने एव्हिसला लाथेने खाली पाडलं. ती उठून काहीतरी उलट बोलली. हातात पंजा होता, त्यानेच त्याने मारलं. शेजारी दार फोडून आत आले तेव्हा तो पिंपावर बसून धापा टाकत होता, आणि सहा वर्षांची टिब बाकाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या केसांत आईचं रक्त होतं.

बहिणीला धुवायचं काम एमटने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. समोरचे दात गेले होते. डाव्या बाजूच्या बरगड्या बोटाखाली हलत होत्या. कानामागे पंजाच्या दात्यांची सरळ रांग उमटली होती. एमटने सगळं नीट पाहून ठेवलं. मग टिबला उचलून घरी आणलं आणि आत्याच्या बिछान्यात घातलं. पोर बोलत नव्हती. कोणी हात वर केला, अगदी टोपी काढायला जरी केला, तरी डोकं दोन्ही हातांनी झाकून घेई.

रँडलला गाडीत घालून तुरुंगात नेत होते तेव्हा एमट रस्त्यात उभी होती. तो ओरडला, "मेव्हणीबाई, पोरीला नीट सांभाळा हं! पोर माझी आहे. सुटलो की न्यायला येतो. घरात भाकरी टाकायला कोणीतरी लागेलच की आता."

तो सुटला तर टिब त्याची, हे एमटलाही माहीत होतं. बापाचा हक्क कोणी नाकारत नसे. तो फासावर गेला तरच पोर वाचणार होती.

ठरवून केलेल्या खुनाला ओळ चालत नसे, पण पंच हे खुनात धरणार नाहीत, रागाच्या भरात घडलं असं म्हणतील, हे गावात सगळे धरून चालले होते. बायकोने नवऱ्याला मारलं असतं तर तिला जिवंत जाळलं असतं. नवऱ्याने बायकोला मारलं, तर ओळ होती. आणि ओळ एमटकडे होती.

चारच दिवसांत तुरुंगाचा मुख्य क्रॉम्प भाकरीच्या टोपलीशी येऊन उभा राहिला. ढेरी पुढे, किल्ल्या कमरेला.

"एमट, गिऱ्हाईक आणलंय तुला."

"त्याला नाही शिकवणार."

"नाव तरी ऐक."

"नाव माझ्या बहिणीच्या अंगावर लिहिलेलं होतं. वाचलंय मी."

क्रॉम्पने टोपलीतली एक भाकरी उचलली आणि चावत म्हणाला, "त्याच्या भावाने माझे हात ओले केलेत. आता मी काय तोंडाने त्याला परत पाठवू? बरं, तुझी आत्या कशी आहे? परवाही चर्चला दिसली नाही."

"आजारी असते ती."

"दर रविवारी बरोब्बर आजारी पडते गं! सोमवारी बाजारात ठणठणीत. आणि तिच्या गादीखाली ते जुन्या धर्माचं पुस्तक आहे म्हणे. दोन्हींना कायद्याने शिक्षा आहे, पण हे मी कोणाला बोललो नाही हो अजून. पण माझं तोंड हे असं, मोकळं राहिलं की बडबडतं." त्याने भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात कोंबला.

एमटने टोपली फडक्याने झाकली. मग म्हणाली, "शिकवते. पण शाळेत शिकवतात तसं शिकवीन. पहिल्या अक्षरापासून."

"अक्षरं कशाला? ओळ घोकून घे की."

"तो दगड आहे. घोकलेलं कोर्टात विसरेल. आणि शाळेच्या मास्तराच्या हातात काय असतं, ते माझ्याही हातात पाहिजे."

क्रॉम्पला समजायला क्षणभर लागलं. मग तो ढेरी धरून हसला. "मार की! मन भरेपर्यंत मार. मेला नाही म्हणजे झालं."

एमटने मनाशी सगळं पक्कं केलं होतं. ओळ एका बैठकीत पाठ होते. मग मारायला कारण उरत नाही, आणि गडी सुटतो. अक्षरांना मात्र अंत नाही. अक्षरं गिरवता गिरवता न्यायाधीश येऊन ठेपतील, ओळ शिकवायची राहून जाईल, आणि रँडल कोर्टात पुस्तकाकडे बैलासारखा बघत उभा राहील. तोवर त्याची पाठ तिच्या हाती होती.

बर्चच्या झाडाचे फोक तिने स्वतः तोडले, त्यांची जुडी बांधली आणि मिठाच्या पाण्यात भिजत घातली. मिठाने फोक लवचीक राहतात, शिवाय जखमेला झोंबतात.

तुरुंगाच्या अंगणात रँडलला भिंतीतल्या कडीला साखळीने बांधलं जाई, सदरा कमरेपर्यंत उतरवून. समोर पाटीवर एमट अक्षर काढी.

"हे काय?"

"बैलाचं डोकं."

फोक पडला. तो ओरडला. आजूबाजूचे कैदी हसले.

"हे काय?"

"अहो मेव्हणीबाई, ओळ सांगा ना सरळ! सगळ्यांना सांगता तशी."

"सगळ्यांनी माझी बहीण मारलेली नाही. हे काय?"

दर फटक्याला ती हळू आवाजात काहीतरी म्हणे. लांबच्यांना ते लॅटिन वाटे. रँडलला मात्र नीट ऐकू येई. "हा दातांचा. हा बरगडीचा. हा दुसऱ्या बरगडीचा. हा कानामागचा." पहिल्या आठवड्यात तो शिव्या देई. दुसऱ्या आठवड्यात, पाटीवर अक्षरं जोडून शब्द आले तेव्हा, तो रडायला लागला. पाठीवर खपल्या धरत आणि दुसऱ्या दिवशी फुटत. कैदी आता हसत नसत. एक म्हातारा घोडेचोर म्हणाला, "बाई, मला फाशी द्या, पण शिकवू नका."

एमटला घरी जाताना हलकं वाटे. हात ठणकत, पण त्या ठणक्यात सुख होतं. ती भाकऱ्यांचं पीठही जोरजोरात मळू लागली.

टिबला ती बरोबर नेई. आत्याचे गुडघे धरलेले, पोर दिवसभर तिच्या अंगावर टाकता येत नसे. टिबला फाटकाशी टोपलीजवळ बसवलेलं असे. तिथून अंगण दिसतं, हे एमटच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलंही असेल. बापाला मार बसताना पोरीने बघावं, असंही तिला कुठेतरी वाटत असेल.

एक दिवस आत्याने तिला हाक मारून मागच्या खोलीत नेलं. टिबने भाकरीच्या फडक्याची बाहुली केली होती आणि ती भिंतीला टेकवून ठेवली होती. पोरीच्या हातात झाडूची काडी होती.

"हे काय?" टिब बाहुलीला म्हणाली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला. "चूक! परत!" आणि काडी पडली. बाहुली आडवी झाली तरी ती मारतच राहिली.

"बोलायला लागली की," एमट म्हणाली.

"काय बोलते ते ऐकलंस?" आत्या म्हणाली. "लॅटिन मी तुला मारायला शिकवलं नव्हतं गं."

"मग कशाला शिकवलंस? मठ मोडायला शिपाई आले तेव्हा तुमच्या लॅटिनने कोणाला वाचवलं? त्या कापड चोरणाऱ्या बाईला वाचवलं? पुरुषांचे गळे तेवढे वाचतात त्याने."

"आम्ही गळा वाचवायला शिकलोच नव्हतो. सकाळी उठून वाचायला आवडायचं. सगळ्याजणी मिळून वाचायचो, खिडकीतून ऊन यायचं. एवढंच."

"ऊन," एमट म्हणाली. "एव्हिस थंडगार होती आत्या. मी धुतलंय तिला."

आत्याने टिबच्या हातातून काडी काढून घेतली. पोरीने लगेच डोकं झाकलं.

न्यायाधीश यायला थोडेच दिवस उरले होते. एका सकाळी एमट अंगणात आली तेव्हा ते कापलेलं पान रँडलच्या मांडीवर होतं. इतर कैद्यांसाठी आणलेलं ते पान ती आदल्या दिवशी पाटीबरोबर तिथेच विसरली होती. पान पालथं होतं, गळ्याची ओळ खालच्या बाजूला. वरची बाजू तिने कोणालाच कधी शिकवलेली नव्हती. रँडल बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द काढत होता. अडखळत होता, पण बरोबर काढत होता. अर्थ त्याला कळत नव्हता, आणि तो कोर्टातही कोणी विचारत नसे.

एमट जुडी हातात घेऊन चूक होण्याची वाट बघत राहिली. ओळ संपली. चूक झाली नाही. दुसरी संपली. तिने तरीही मारलं, सगळं बळ लावून.

रँडलने मान वर केली. "चुकलो?"

"नाही."

"मग?"

तिने पान हिसकावून घेतलं आणि ती निघाली. क्रॉम्पला म्हणाली, "झाला तो तयार," आणि पुन्हा त्या अंगणात गेली नाही. घरी जाताना आज हात ठणकत नव्हता, आणि हलकंही वाटत नव्हतं. तिने त्याला अक्षरं दिली होती. एकेक फटक्याबरोबर एकेक अक्षर त्याच्या कातडीत शिरलं होतं, आणि ते आता तिला बाहेर काढता येत नव्हतं. एवढीच आशा होती की माणसांनी भरलेल्या कोर्टात त्याची दातखीळ बसेल.

कोर्टात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. पंचांनी अपेक्षेप्रमाणे रागाच्या भरात घडल्याचं सांगितलं. न्यायाधीश नवे होते, वाळक्या चेहऱ्याचे, सर्दीने बेजार. एव्हिसच्या जखमा ऐकताना त्यांनी रुमाल खाली ठेवला होता.

"आरोपीला काही म्हणायचंय?"

"पुस्तक मागतो, हुजूर," रँडल म्हणाला. तसंच म्हणायची रीत होती.

वाचता येतं का ते ठरवणारा बिशपचा माणूस पुस्तक घेऊन पुढे झाला आणि त्याने ते नेहमीच्या पानावर उघडलं. न्यायाधीशांनी हात पुढे केला.

"इकडे आणा ते. या जिल्ह्यात ही ओळ कावळ्यांनासुद्धा पाठ आहे. मागच्या गावात एकाने पुस्तक उलटं धरून म्हणून दाखवली." लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पानांचा जाड गठ्ठा उलटला आणि मधलंच एक पान उघडून बोट ठेवलं. "इथून वाच. बायकोला पंजाने मारणारा माणूस खरोखर पाद्र्याइतका शिकलेला असेल, तर मलाही ऐकायचंय."

गर्दीत कोणीतरी म्हणालं, "मेला हा." मागच्या बाकांवरून कुजबुज आली, "फासाला लागला बघा."

त्या सभागृहात एकट्या एमटला ठाऊक होतं की इतरांसारखी ओळ घोकून घेतली असती, एक फटकाही मारला नसता, तर हा माणूस आत्ता, या क्षणी मेला असता.

रँडलने पुस्तकात डोकं घातलं. पहिला शब्द आला. मग बराच वेळ काही नाही. दुसरा आला. दर शब्दाआधी त्याचे खांदे वर जात, मान आत ओढली जाई, डोळे मिटत. मग शब्द बाहेर पडे आणि तो क्षणभर तसाच थांबे, पाठीवर काही पडतंय का बघत. पडलं नाही की पुढचा शब्द. कपाळावरून घाम पुस्तकावर टपकत होता. पण शब्द येत होते. ओळ संपली. न्यायाधीशांनी बोट खाली सरकवलं. तीही संपली.

न्यायाधीश बिशपच्या माणसाकडे वळले.

"वाचतो का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वाचतो," बिशपचा माणूस म्हणाला. त्याच्याच चेहऱ्यावर आश्चर्य होतं.

"हो, वाचतो." न्यायाधीशांनी पुस्तक मिटलं. "कुठल्या शाळेत शिकलास?"

रँडलने हनुवटीने एमटकडे दाखवलं. "तिनं शिकवलं, हुजूर. मारून मारून."

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं. "बाईने? मग आमच्या शाळांचे मास्तर घरी बसवून या बाईलाच नेमायला हवं." आता मात्र सगळं कोर्ट खदखदून हसलं. क्रॉम्प तर डोळे पुसत होता. एमट त्या हसण्याच्या मधोमध उभी होती, आणि तिला एव्हिसच्या हलणाऱ्या बरगड्या बोटांखाली जाणवत होत्या.

डाग तिथेच दिला. क्रॉम्पने रँडलची मूठ लोखंडी पट्ट्यात अडकवली, शेगडीतून माणूस मारल्याच्या खुणेचं अक्षर कोरलेलं तापलेलं लोखंड काढलं आणि अंगठ्याखालच्या मांसल भागावर दाबलं. चर्र आवाज झाला, जळक्या मांसाचा वास पसरला, रँडल किंचाळून गुडघ्यांवर आला. न्यायाधीश रुमाल नाकाशी धरून म्हणाले, "हा डाग जपून ठेव. पुन्हा कोणाचा जीव घेतलास तर पुस्तक मिळणार नाही. अंगठा बघतील आणि टेकडीवर नेतील."

एमटने एवढं ऐकलं आणि ती गर्दीतून वाट काढत घराकडे पळाली.

आत्या दाराच्या पायरीवर ऊन खात बसली होती, टिब तिच्या पायाशी वाटाणे सोलत होती. एमटने आत जाऊन पिंपातली जुडी बाहेर काढली. तिच्यातून मिठाचं पाणी गळत होतं. ती दारात येते तोच रँडल गल्लीच्या टोकाशी दिसला, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेला. त्याच्यामागे तमाशा बघायला निम्मा बाजार.

"टिब, घरात ये! माझ्याकडे ये!" एमट ओरडली.

टिबने वळून पाहिलं. तिला एमट दिसली नाही, तिच्या हातातली जुडी दिसली. पोर असं किंचाळली की शेजारचा मोची हातातला बूट टाकून बाहेर आला. एका बाजूने बाप येत होता, दुसऱ्या बाजूला ही उभी होती. टिबने दोन्हीकडे पाहिलं आणि आत्याच्या झग्यात डोकं खुपसलं.

"चल गं," रँडलने तिचा दंड धरला.

"सोड तिला," आत्या म्हणाली. पोरीला तिने दोन्ही हातांनी कवटाळलं होतं.

"म्हातारे, हात काढ. पोर माझी आहे, कायद्याने माझी आहे."

"काढत नाही. काय करायचं ते कर."

एमटने फटका मारला, थेट फडक्याच्या हातावर. रँडलचे खांदे वर गेले, मान आत गेली, डोळे मिटले, अगदी अंगणात मिटायचे तसे. पण दुसऱ्या हाताची पकड सुटली नाही. उलट वेदनेने पिसाळून त्याने पोरीला हिसडा दिला, आणि पोरीबरोबर म्हातारीही उचलली गेली. तिने सोडलं नाही. त्याने तिच्या छातीवर लाथ घातली. आत्या मागे कोसळली आणि डोकं दगडी पायरीच्या कोपऱ्यावर आपटलं. आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. पांढऱ्या टोपीखालून रक्त वाहायला लागलं. म्हातारी हलेना.

"मेली!" मोची ओरडला. "म्हातारी मेली! मारली याने!"

"अंगठा बघा त्याचा!" गर्दीतून बायकांचा आवाज आला. "अंगठा! अंगठा!"

"आता कुठली ओळ वाचशील रे?"

"आता वाच की मेल्या! वाच!"

रँडलने आपल्या हाताकडे पाहिलं. फडकं सुटून लोंबत होतं आणि आतलं ताजं, लाल, होरपळलेलं अक्षर उघडं पडलं होतं. ते त्याला वाचता येत होतं. त्याने पोरीला टाकलं आणि तो पळाला. लोकांनी दगड मारले, एक त्याच्या मानेवर बसलेला मोचीने पाहिला, पण तो थांबला नाही. नदी ओलांडून उत्तरेकडे गेला. पुढे कोणी म्हणे स्कॉटलंडात सैन्यात भरती झाला, कोणी म्हणे वाटेतल्या दलदलीत बुडाला. स्केलबरीत तो परत आला नाही. म्हातारी मेली असं समजूनच तो जिथे गेला तिथे गेला असणार.

म्हातारी मेली नव्हती. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पण खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतरची सात-आठ वर्षं ती मागच्या खोलीतल्या बिछान्यातून उठली नाही. चर्चला न जाण्याचं आता खरंच कारण झालं होतं, आणि क्रॉम्पचं तोंड आपोआप बंद झालं. एमट तुरुंगात भाकऱ्या विकत राहिली. कोणी ओळ मागितली तर तोंडाने सांगे, पाठ झाली की उठे. न्यायाधीशांनी पान उलटलं आणि कोणी फासावर गेला, तर घरी येऊन ती मुकाट्याने पीठ मळे. कापलेलं काळं पान तिने आत्याला परत दिलं होतं.

टिब एमटच्या घरात वाढली, एमटची भाकरी खाऊन वाढली, पण कधी तिच्या जवळ झोपली नाही. एमटने हात वर केला की, वरच्या फळीवरचं भांडं काढायला का असेना, पोर दाराकडे सरके. आत्याने तिला बिछान्यावर बसवून गवताची काडी हाती घेतली आणि वाचायला शिकवलं. मागच्या खोलीतून दोघींचे आवाज येत. एमट खोलीत शिरली की टिब पुस्तक मिटे. म्हणून एमटने आत जायचंच सोडलं. तिने मळायची परात त्या भिंतीला लागून हलवली.

शेवटच्या हिवाळ्यात आत्याची नजर गेली. एका सकाळी टिब वाचत होती आणि एका शब्दाशी अडली.

"आजी, हा काय आहे?"

"मला दिसत नाही गं बाळा. अक्षरं सांग."

टिबने अक्षरं सांगितली. आत्या पुटपुटली, पुन्हा पुटपुटली, तिला आठवेना. भिंतीच्या अलीकडे एमटचे हात पिठात थांबले होते. शब्द तिला माहीत होता. ती वाट बघत राहिली. आत्याला आठवलाच नाही. मग पिठाने भरलेला हात तोंडाशी नेऊन, जितकं हळू म्हणता येईल तितकं हळू, तिने तो भिंतीकडे तोंड करून म्हटला.

पलीकडे काहीच आवाज नाही. पुस्तक मिटल्याचाही नाही.

मग टिबने तो शब्द म्हटला, आणि ती पुढे वाचू लागली.